तालमीतला फोन

फोन वाजला तेव्हा नेरेइदाच्या हातात अर्धा खाल्लेला, करंजीसारखा एम्पानाडा होता. तो तसाच टेबलावर ठेवून तिने रिसीव्हर उचलला.

परराष्ट्र खात्याच्या तळमजल्यावर सकाळपासून तालीम चालली होती. परदेशात दंगल उसळली, तर तिथे अडकलेल्या आपल्या माणसांना सोडवायचं कसं, याची. वरच्या मजल्यावरून नवी भरती झालेली पोरं हैतीत अडकल्याचं सोंग करून फोन करत होती आणि नेरेइदा त्यांना धीर देत होती. मघाच्या पोराने तर असा काही गळा काढला होता, की तिला हसू आवरेना.

ही बाई मात्र दबक्या आवाजात बोलत होती.

"मी रोसाल्बा. हैतीतून, पोर्ट-ओ-प्रिन्समधून बोलतेय. गल्लीत गोळ्या सुटताहेत, बाई. नवरा काल कामावर गेला तो आलाच नाही. लेकरं आहेत माझ्याजवळ."

पोरगी छान वठवतेय, नेरेइदाला वाटलं. तिने पत्ता विचारून घेतला.

"घाबरू नका. खिडकीपासून लांब बसा. गाडी निघालीय तुमच्याकडे."

"नक्की येईल ना?"

"अहो, आलीच म्हणून समजा."

तालीम घेणारे एव्हारिस्तोसाहेब, निवृत्त राजदूत, खूश झाले. "असं बोलायचं! नुसत्या आवाजानं माणसाला आधार वाटला पाहिजे."

इतक्यात वरच्या पोरांतली पिलार धाडधाड जिना उतरून आली. "नेरेइदाताई, कुणाशी गप्पा मारत बसलात? माझी पाळी आहे, कधीची लावतेय मी फोन!"

"मग आत्ता रोसाल्बा कोण झालं होतं?"

"कुठली रोसाल्बा?"

नेरेइदाने फोनवर उमटलेला नंबर आत्ता कुठे नीट पाहिला. तो परदेशातला होता. ही मदतीची लाइन सोमवारपासून सुरू व्हायची होती, पण तिचा नंबर कालपासूनच व्हॉट्सॲपवर फिरत होता. आणि हैतीतली वकिलात तर कधीच बंद झाली होती. तिथे गाडी नव्हती. पाठवायला माणूसही नव्हता.

एव्हारिस्तोसाहेब खुर्चीत टेकले. "लाव फोन तिला."

"काय सांगू?"

"खरं ते."

"तुम्ही बोलता?"

साहेब चष्मा पुसत राहिले.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बाई, मघाशी मी..."

"आम्ही तयारच आहोत," रोसाल्बा घाईघाईने कुजबुजली. "मुलांना बूट घातलेत. दाराशीच बसलोय. ड्रायव्हरला म्हणावं, हॉर्न वाजवू नकोस, नुसती टकटक कर. मी लगेच उघडते."

"नका उघडू," नेरेइदा म्हणाली. "कुणीही टकटक केली तरी दार उघडू नका."

पलीकडे लांबवर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग रोसाल्बाचा आवाज आला, पण ती नेरेइदाशी बोलत नव्हती.

"काढा रे ते बूट."