दसरा काढायचा पंप

एकोणीसशे सत्याऐंशी साल. घट बसायला आठवडा राहिला होता आणि गंगाखेडच्या एका दुकानात कस्तुराबाई पंप बघत होत्या. पिकावर फवारायचा नव्हे, घर धुवायचा.

त्या काळी आपल्याकडं नवरात्राआधी दसरा काढणं म्हणजे साधं काम नव्हतं. घरातलं सगळं अंगणात यायचं. फरश्या, भिंती, डबे, गोधड्या, सगळ्यावरून पाणी फिरायचं. पालमच्या घरात हे काम दोघींचं होतं, कस्तुराबाईंचं आणि त्यांची सून मनकर्णा हिचं. मनकर्णेचा नवरा चंद्रभान वीज पडून गेला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. मूलबाळ नव्हतं. देवगाव फाट्याजवळ राहणारा तिचा भाऊ दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा. त्यानं दोनदा निरोप धाडला होता, बहिणीला पाठवून द्या, तोडीला दोन हात वाढतील. कस्तुराबाईंनी त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

मनकर्णेचा हिशेब सरळ होता. सासूला आपले हात लागतात, तोवर ते घर आपलं. आता ते काम पंप करणार होता.

“एकट्या बाईला झेपंल असा दाखवा,” कस्तुराबाई म्हणाल्या.

‘एकट्या’ हा शब्द मनकर्णेला टोचला.

बन्सीधर दुकानदार तिशीपुढचा, सावकाश बोलणारा. त्यानं आधी खांद्यावरचा पितळी पंप काढला.

“असला आमच्या घरी हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “त्याला धार न्हाई, नुस्ता फवारा.”

त्यानं शिडी लावून माळ्यावरचा पायपंप उतरवला. “ह्याची धार चांगली हाय मावशी. पण एकानं दाबायचं, एकानं नळी धरायची.”

“दुसरं माणूस कुठून आणू मी?”

मनकर्णा त्यांच्या शेजारीच उभी होती.

बन्सीधरनं पायपंप परत वर ठेवला. तोच कस्तुराबाईंना तो पुन्हा बघावासा वाटला. तो पुन्हा शिडी चढला. मग त्यांनी पितळी नोझल मागितलं, मग प्लॅस्टिकचं, मग पहिलंच. पाइप सगळा उलगडायला लावला. लांब दांड्याच्या ब्रशचे केस ओढून बघितले आणि म्हणाल्या, “माल हलकाच दिसायलाय तुमचा.”

“आसंल मावशी. परभणीला दुसरा मिळंल, पत्ता देऊ का?”

मनकर्णेलाच लाज वाटली. सासू अशी कधी वागत नसे. भाजीवालीलाही ती ‘बाई’ म्हणायची.

शेवटी राहिला मोटरवरचा. ट्रॅक्टर धुवायला लोक नेतात, असं बन्सीधर म्हणाला. लाईट असली म्हणजे झालं.

“आन् नसली म्हंजे?”

“मग बादली हायेच की.”

दुकानामागं त्याचं घर होतं, तिथं तो आणि आई दोघंच राहायचे. अंगणातल्या हौदात नळी सोडून त्यानं मोटर चालू केली आणि पाइपाच्या टोकाची बंदूक मनकर्णेच्या हातात दिली. घट्ट धरा म्हणेपर्यंत ती उसळली. धार बन्सीधरच्या टोपीपासून पायजम्यापर्यंत फिरली. मनकर्णा पांढरीफटक पडली.

त्यानं टोपी पिळली. “झालं. माझा दसरा तुमीच काढला.”

ती हसली. किती दिवसांनी हसतोय, असं तिचं तिलाच वाटलं. पडवीत बसलेली त्याची म्हातारी आई धुरपदाबाई पण पदर तोंडाला लावून हसत होती.

“भिंती कशाच्या हायेत?” त्यानं विचारलं.

“पुढच्या दगडाच्या,” मनकर्णा म्हणाली, “मागली खोली मातीची.”

“मग मातीला ही धार दावूसुद्धा नका, भिंत बसंल. खरं म्हंजे तुमच्या घराला हे घेऊच नका.”

“गिऱ्हाईक वापस लावता व्हय?” कस्तुराबाई म्हणाल्या.

“भिंत पडल्यावर शिव्या मलाच देताल की.”

तो ओले कपडे बदलून दुकानाकडं वळला. कस्तुराबाई त्याच्या मागोमाग पुढं दुकानात जाऊन बसल्या. मनकर्णा अंगणातली फरशी धूत राहिली. हिरवट शेवाळ निघून खालचा काळा दगड वर येत होता. दारातून तिला दोघं बोलताना दिसली. मोटरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. सौदा ठरला, असं ती समजली. धार तशीच चालू ठेवून तिनं डोळे पुसले. ओल्या तोंडावर ते कोणाला कळलं नसतं.

बन्सीधरनं परत येऊन मोटर बंद केली. पाइप गुंडाळताना त्याचं वेटोळं दोनदा चुकलं.

“चल,” कस्तुराबाई म्हणाल्या. “बस चुकंल.” त्यांचे हात रिकामे होते.

एस.टी.त तिकिटं काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, “दुकानदार खोटा वाटला का गं तुला?”

“न्हाई आत्याबाई. खोटा असता तर घेऊ नका कशाला म्हनला असता?”

“तापट?”

“भिजला तरी हसला की.”

“हं.”

त्या वर्षी मनकर्णेनं दसरा असा काढला की शेजारणी बघायला आल्या. गोधड्या तिनं एकटीनं पिळल्या. पंपावाचून अडत नाही, हे तिला सासूला दाखवायचं होतं.

तरी तुळशीचं लग्न लागल्यावर तिला पालम सोडावं लागलंच. कस्तुराबाईंनी स्वतः तिची पेटी बसमध्ये चढवली. गाव नाही नाही ते बोललं, भावकीनं वर्षभर त्यांच्या घरचा चहा घेतला नाही.

धुरपदाबाई नव्वद साली गेल्या. चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा, कस्तुराबाई गेल्या, शेवटपर्यंत ते घर एकटीनं राखून. भावानं ऊसतोड सोडून फाट्यावर हॉटेल टाकलं. बन्सीधरनं दुकान वाढवलं, केस पिकले तरी आवाज चढला नाही. मनकर्णा आता सत्तरीला आली. मोटर चालू असताना दुकानात काय बोलणं झालं, ते बन्सीधरनं तिला दोघांच्या लग्नाला वर्ष झाल्यावर सांगितलं. कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, “पंप ऱ्हाऊ द्या. माझी लेक पसंत हाय का, तेवढं सांगा.”