न्यार्कोमामांची प्रार्थना

न्यार्कोमामांनी खापराचं भांडं बाकावर भाचीशेजारी ठेवलं आणि झाकण काढलं. आत एतो होता. तांबड्या पामतेलात कुस्करलेला कंद आणि त्यावर सोललेली उकडलेली अंडी. माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की एजिसू गावात त्याला हेच खाऊ घालतात. मामा एकटे आले नव्हते. चर्च सुटल्यावर अर्धी गल्लीच मागे घेऊन आले होते, सगळे आभार मानताना घालतात त्या पांढऱ्या कपड्यांत.

"घे, अफ्रियी," मामा म्हणाले. "तुला खाताना आम्हाला डोळे भरून बघू दे."

माणसं बाकाभोवती गोळा झाली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. अफ्रियीची आई सेर्वा चुलीपाशी उभी होती. दार आतून ओढून घ्यावं तसा लेकीचा चेहरा मिटत चाललेला तिला दिसला.

"माझा हात त्यातच आहे," अफ्रियी हळूच म्हणाली.

जेवायला बोलावलं आणि नको असलं की असं म्हणायची तिथली रीत. ऐकणारा मान डोलावतो, पुन्हा आग्रह करत नाही. हे वाक्य ही पोर वर्षभर म्हणत आली होती, तेही आईच्या खानावळीत, जिथे सकाळपासून फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचा आवाज थांबत नसे. कुणाला काही खटकलं नाही. उपास करते म्हणून मामांनी तर तिला चर्चमध्ये उभं करून इतर पोरींना तिचा दाखला दिला होता. मग एक दिवस ती नळावर कोसळली. मामांनीच तिला आपल्या गाडीतून कुमासी शहरातल्या दवाखान्यात नेलं. पायऱ्या चढताना तिला उचलून घेतलं, तर हाताला वजन म्हणून लागलं नाही. तेव्हापासून उपासाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

का जेवत नाहीस, असं तिथल्या लामिसी नर्सने विचारलंच नाही. तिने विचारलं, ताट समोर आलं की भीती वाटते का? त्यावर अफ्रियी जी रडायला लागली, ती थांबेना. हा हट्ट नव्हे आणि भक्तीही नव्हे, हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हे सेर्वाला त्या दिवशी कळलं. आता पोर घरी आली होती. दवाखान्यातून निघताना लामिसीने बजावलं होतं, तिच्यासोबत जेवा, पण ताटाकडे बघू नका. खाल्लं तर वाहवा नको, नाही खाल्लं तर रडारड नको. घरी घास उतरेनासा झाला तर मात्र वाट न बघता परत घेऊन या.

काल तिने वाटीभर पेज संपवली होती. आज या गर्दीत एतो तसाच राहिला, तर रात्रीचं जेवणही जाईल आणि उद्याचंही, हे सेर्वाला चांगलं ठाऊक होतं. पण आभाराचं अन्न परत पाठवायचं, म्हणजे थोरल्या भावाच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

ती कमरेच्या कापडाला हात पुसत पुढे आली.

"दादा, हे आभार कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? देवाचे."

"मग पोरीकडे काय बघताय? डोळे मिटा आणि प्रार्थना सांगा. सगळेच मिटा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, न्यार्कोची प्रार्थना म्हणजे एतोचा दगड होईपर्यंत उभं राहायचं. बायका हसल्या.

"होऊ दे दगड," सेर्वा म्हणाली. "दादा, नेहमीसारखीच सांगा. घाई नको."

मामांनी बहिणीकडे पाहिलं, मग भाचीकडे. नर्सचं सांगणं निघताना त्यांनीही ऐकलं होतं. ते ओशाळले. आपली टोपी काढून त्यांनी छातीशी धरली, भाचीकडे पाठ केली आणि डोळे मिटले. गल्लीनेही मिटले.

मामांनी देवाचे आभार मानले. रस्त्याचे मानले. जुन्या गाडीचे मानले, की नेमकी त्या दिवशी ती वाटेत बंद पडली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याचे मानले, ज्याने नाव-गाव न विचारता आत सोडलं. लामिसीचे मानले, मग तिच्या आईचे, जिने तिला जन्म दिला आणि माणसाशी बोलायला शिकवलं. मग आपल्याला जे कळत नव्हतं ते कळलं, याचे मानले.

सेर्वाचेही डोळे मिटलेले होते. इतकं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. बाक करकरला. लाकडावर खापर जरासं सरकलं. ती मनात लामिसीचं नाव घेत राहिली आणि पापण्या घट्ट आवळून धरल्या.

"आमेन," मामा म्हणाले.

त्यांनी वळून भांड्यात पाहिलं. एका कडेचा एतो खचला होता आणि एक अंडं कमी होतं. मामांचं तोंड देवाचा जयजयकार करायला उघडलं. सेर्वाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मामांनी तोंड मिटलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

"बघा लोकहो," ते कुरकुरले, "मी देवाशी बोलत होतो, आणि इकडे माझ्या वाट्याचं अंडं कुणीतरी लांबवलं."

अफ्रियीने तेलाचा हात मागे लपवला.

"प्रार्थनाच फार लांबली, मामा," ती म्हणाली.