दहा पावलं पुढे

तार पुढे सरकत नव्हती.

डॉक्टर लालवानी शिशाचा जड एप्रन घालूनच बाहेर आले, तेव्हा यशोधराला वाटलं, संपलं सगळं. पण तिचा नवरा मधुकर आत टेबलावर शुद्धीत होता. जांघेतून घातलेली केसासारखी तार हृदयापर्यंत पोचली होती आणि बंद नसेच्या तोंडाशी दोनदा अडली होती.

डॉक्टरांनी उभ्या उभ्याच समजावलं. नसेतली रक्ताची गाठ ताजी असेल तर मऊ असते, तार वाट काढते, मग फुगा फुगवून नस मोकळी करता येते. महिनोन्‌महिने जुनी असेल तर तिचा दगड होतो. दगडावर जोर केला तर नसच फाटायची. तसं असेल तर इथेच हात आवरायचा आणि बायपासची तयारी करायची. पडद्यावर बघून त्यांना नक्की ठरवता येत नव्हतं.

"मावशी, सच बोलो. चालताना दम लागणं, मधेच थांबावं लागणं, हे कधीपासून?"

"काल सकाळपासून."

फॉर्म भरतानाही तिनं हेच सांगितलं होतं. एकतीस वर्षांचा संसार. जांभूळ गावच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर कामात बोटाला खरचटलं तरी मधुकर घरी येईपर्यंत अख्ख्या गल्लीला दाखवत यायचा. तो माणूस दुखणं लपवणार?

मग ताजीच धरतो, डॉक्टर म्हणाले. जरा कडक तार घेऊन आणखी एकदा जोर लावून बघतो. ते वळले.

शेजारी उभी असलेली मुलगी प्रीती रडत आईला म्हणाली, पप्पांना तर काहीच नव्हतं गं. परवाच्या रविवारी तुम्ही बुद्धविहारातून जोडीनं येत होता, मी गॅलरीतून किती हसले.

खरं होतं ते. लग्नापासून मधुकर तिच्या दहा पावलं पुढे चालायचा. वंदनेला निघालं की तिला त्याची पाठ तेवढी दिसायची. ती पोचेपर्यंत हा चपला काढून आत बसलेला. दसऱ्यानंतर मात्र तो तिच्या सोबतीनं चालू लागला. कॅम्प दोनच्या बाजारात दुकानादुकानाशी रेंगाळायचा. जिन्यात निम्म्यावर थांबून म्हणायचा, तुझे गुडघे दुखत असतील, टेक जरा. तिचे गुडघे ठणठणीत होते. तिनं ते कधी सांगितलं नाही. शेजारणी चिडवायच्या, या वयात प्रेम उतू चाललंय म्हणून. ती तोंडदेखलं रागवायची, आणि शनिवारीच पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेवायची.

डॉक्टरांनी दार ढकललं.

"थांबा," यशोधरा म्हणाली. तिनं पुढे होऊन दार धरलं.

"पाच महिने झाले, डॉक्टर. हे माझ्या बरोबरीनं चालायला लागले, तेव्हापासून."