शाळेसमोरचा खड्डा

शाळेसमोरचा खड्डा ओव्हरसिअरने तीनदा बुजवला आणि तिन्ही वेळा तो सकाळी पुन्हा हजर! खडी, डांबर, दाबणी, सारे काटेकोर असूनही चूक कुठे होते, ते उमगेना. अखेर स्वारी उजाडतानाच पोहोचली, तर पहारीने डांबर उकरणारी बाई त्याचीच आई निघाली. “आई, माझाच रस्ता उखडतेस?” “मग काय करू? तू खड्डा बुजवलास की गाड्या सुसाट सुटतात. शाळा सुटल्यावर तुझीच लेक इथून रस्ता ओलांडते, बाबा!” तो चक्रावला. रस्ता गुळगुळीत करणे हेच तर त्याचे काम! तेवढ्यात भरधाव आलेला ट्रक खड्ड्यापाशी निमूटपणे मंदावला. मजूर येताच तो म्हणाला, “खड्डा बुजवा आणि इथेच गतिरोधक टाका, पांढऱ्या पट्ट्यांसकट.” मुकादम गोंधळला. “साहेब, रस्ता गुळगुळीत करायचा की खडबडीत?” “दोन्ही,” म्हणत त्याने आईची पहार गाडीत ठेवली.