खाच कुठे आहे?

डॉक्टरांनी कागदावर ‘नजर उत्तम’ एवढंच लिहिलं, की चिझुरुच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: सहा वर्षांच्या लेकीला, कोझुएला, घराजवळच्या शाळेत जागा, आणि सासूबाईंचं बंद तोंड. दुसरीचं मोल जरा जास्तच.

तरी धास्ती होतीच. गेल्या वर्षी याच दवाखान्यात कोझुए टेबलाखाली शिरून किंचाळली होती. तपासणी झालीच नव्हती. स्वमग्न मुलीला अनोळखी काही सोसत नाही. म्हणून यंदा चिझुरुने अगदी दवाखान्यातल्यासारखाच नजर तपासायचा तक्ता आणून स्वयंपाकघरात लावला. एका बाजूला खाच असलेली काळी कडी, ओळींमागून ओळी, खाली लहान लहान होत जाणारी. जिकडे खाच, तिकडे हातातल्या पुठ्ठ्याच्या कड्याची खाच फिरवायची. कोझुए तक्त्याला नाक टेकवून एकेक खाच बोटाने चाचपायची. सहा महिने, रोज, मिसो सूपला उकळी येईपर्यंत.

आज दवाखान्यात ताज्या रंगाचा वास होता. या वासानेच कोझुए बिथरली तर?

“जिन्यावर आजही भोकाड पसरलंच,” बाकावरून सासूबाई म्हणाल्या. “उतरायचं म्हटलं की बाईसाहेबांचे पाय गोठतात.”

“स्वमग्न आहे ती, आई.”

“आमच्या वेळी याला हट्ट म्हणायचे.”

“म्हणून तर थांबत नाही मी,” चिझुरु म्हणाली. “ हात धरून ओढतेच की खाली!”

तेवढ्यात आत बोलावलं. म्हातारे इमाइझुमी डॉक्टर कपाटात डोकं खुपसून काहीतरी शोधत होते. “बस हं, कोझुए बाळ. घाबरायचं नाही.”

कोझुए बसली. एक डोळा झाकला. चिझुरु तिच्यामागे उभी, नजर लेकीच्या हातांवर. एक किंकाळी, की सगळं मुसळ केरात.

कडं फिरलं. उजवीकडे. बरोबर. वर. बरोबर. खाली, डावीकडे. चिझुरुलाही तक्ता पाठ होता, मान वर करायची गरजच नव्हती. मुंगीएवढ्या कड्यांची शेवटची ओळही कोझुएने एका दमात संपवली.

“एकही चुकलं नाही, डॉक्टर!” सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात चिझुरु म्हणाली.

“कशात?” डॉक्टर कपाटातून वळले. गुंडाळलेला तक्ता त्यांच्या काखेत होता. “कालच भिंत रंगवली. हा टांगायचाय अजून.”

चिझुरुने मान वर केली. समोर कोरी, पांढरी भिंत. कोझुए त्या भिंतीकडेच बघत कडं पुन्हा पहिल्यापासून फिरवू लागली.

चिझुरुची नजर खाली आली. लेकीच्या दोन गुडघ्यांवर, जिन्यावर पडून झालेले, जुने-नवे मिळून, अकरा व्रण.