टपरीसमोरचा डोंगर

केमो सुरू झाल्यापासून रंजिताला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं, म्हणून हेमकांतने जुनी मोटारसायकल विकून बॅटरीवर चालणारी घेतली. लग्नापासून बावीस वर्षं दोघं नवरा-बायको दर रविवारी सातपुड्यात डोंगर चढायला जात. तो नेम त्याला मोडायचा नव्हता. सारंगखेड्याहून सकाळीच निघायचं, तोरणमाळच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर गाडी चार्जिंगला लावायची आणि समोरचा डोंगर चढायचा. दिवाळीत रंजिता माथ्यापर्यंत गेली. संक्रांतीला अर्ध्या वाटेवर बसली. होळीनंतरच्या रविवारी मात्र ती टपरीच्या बाकावरून उठलीच नाही.

"तुम्ही जाई या," ती म्हणाली.

"तू नही ते मी बी नही."

"जा ना. मी आठून देखस."

तिचं मन मोडवेना, म्हणून तो निघाला. शेवटचा खडक हातापायांनी चढला, माथ्यावरून रुमाल हलवला आणि जवळजवळ धावतच खाली आला.

"पुढला रविवारले दोन्हीजन जाऊत," तो धापा टाकत म्हणाला.

रंजिताने त्याच्या शर्टावरची माती हलकेच झटकली. "माले इतलंच देखनं व्हतं, तुम्हले एकला चढता येस का. येस. आते माले घोर नही."

बॅटरीच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. घरी परतताना हेमकांतला आपलं रडणं मागे बसलेल्या रंजितापासून लपवता आलं नाही.