तार

भांडी धुण्याचं यंत्र काही केल्या सुरू होत नव्हतं. चंद्रप्रकाशने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि शेवटी एक सणसणीत शिवी हासडली. बोटीवरची इंजिनं हाताळणारा माणूस भटवाडीतल्या दोन खोल्यांत मोरीपाशी उकिडवा बसून घामाघूम झाला होता, आणि यंत्राचा साधा तांबडा दिवा त्याला दाद देत नव्हता.

"तार कुठेतरी तुटलीय," तो म्हणाला.

"सकाळपासून तारच बघताय," नलिनी म्हणाली. "संध्याकाळी विमान आहे तुमचं. दोन घास खाऊन तरी घ्या."

"हे चालू झाल्याशिवाय मी जेवत नाय."

हट्टाला कारण होतं. मागच्या रजेत हे धूड त्याने परदेशातून आणलं ते आईसाठी. जन्मभर भांडी घासून जानकीबाईंच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या. त्यांनी यंत्र एकदा चालताना पाहिलं, "माझे हात झडूक नाय अजून," म्हणाल्या, आणि त्यावर रुमाल पसरून पाण्याची कळशी ठेवून दिली. मग तो बोटीवर गेला आणि पाठोपाठ आई गेली. भर समुद्रातल्या मुलाला अग्नीही देता आला नाही. आता पुन्हा निघायची वेळ आली होती, आणि त्याच्या मनाने घेतलं होतं की आई रागावलीय, तीच यंत्र चालू देत नाहीय.

मागची बाजू बघायला त्याने यंत्र पुढे ओढलं. आतून आवाज आला. खण्ण.

दोघंही जागच्या जागी थांबले.

"ऐकलंस?" तो हळूच म्हणाला. "आई अशीच ताटं लावायची फळीवर."

नलिनीने तो आवाज आधीही ऐकला होता. घरात एकटी असताना बादलीचा धक्का यंत्राला लागला की खण्ण व्हायचं, आणि ती देवाचं नाव घेत गॅलरीत जाऊन उभी राहायची. सासू गेल्यापासून मोरीकडे पाठ करून बसायची तिची छाती होत नव्हती. पण आज तो आवाज शेजारी नवरा असताना आला, आणि भीतीच्या आत तिला काहीतरी ओळखीचं लागलं. स्टीलचा आवाज होता तो.

"दार उघडून पाहिलंत का?"

"आत काय असणार? आईने हात तरी लावला का त्याला?" तो उठला. "जिन्याखालचा फ्यूज बघून येतो."

त्याची पावलं जिन्यावर उतरल्यावर तिने दार ओढलं. ते सहज उघडलं. नीट लागलेलंच नव्हतं. आत एकच ताट उभं करून खुपसलेलं होतं. तिकडच्या बशांच्या मापाच्या जाळीत आपलं ताट कुठलं मावायला? काठ दाराला अडत होता. ताटात भाताची शितं वाळून दगड झाली होती, सुरमईचा एक काटा चिकटला होता, आणि काठावर दुकानदाराने कोरलेलं नाव होतं: चि. चंद्रप्रकाश. आल्यापासून तो हे ताट शोधत होता आणि पाहुण्यांच्या ताटात जेवत होता.

माणूस लांब निघाला की त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत. जानकीबाईंचं त्याच्याही पुढे होतं. मुलाचं उष्टं ताट त्या घासायच्या नाहीत, पोचल्याची तार आली की मगच. तोवर ते मोरीच्या कोपऱ्यात झाकलेलं असायचं. गेल्या खेपेला नलिनी कुरकुरली होती, मुंग्या लागतात म्हणून. दुसऱ्या दिवशी ताट कोपऱ्यातून नाहीसं झालं होतं. नलिनीला वाटलं, तार यायच्या आतच घासलं एकदाचं. आणि त्या वेळी तार आली ती घरात सुतक असताना.

 जिन्यावर पावलं वाजली. तिने ताट पदराखाली घेतलं, पिठाच्या डब्यामागे सारलं आणि यंत्राचं दार दाबलं. कट्ट झालं.

चंद्रप्रकाशने आत येऊन बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. मग पाण्याची घरघर सुरू झाली, आणि तो धिप्पाड माणूस यंत्राला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

"राजी झाली गं," तो म्हणाला. जरा वेळाने त्याने डोळे पुसले. "नलू, गेल्या खेपेची माझी तार मिळाली होती ना तिला?"

नलिनीने पिठाच्या डब्याकडे पाहिलं नाही.

"मिळाली."

"मग ताट घासलं असेल तिने."

"घासलं ना. स्वतःच्या हाताने," ती म्हणाली. "बसा आता. वाढते."

तो पोटभर जेवला आणि दिवेलागणीला गेला. टॅक्सी वळेपर्यंत नलिनी गॅलरीत उभी होती. मग आत येऊन तिने डब्यामागचं ताट काढलं आणि राख घेऊन घासायला बसली. शितं निघता निघत नव्हती.

शेजारची मालन तेलकट कढई घेऊनच आली. "झालं म्हणे चालू! बघू तरी, कढई निघते का त्यात."

यंत्राचं दार बोटभर उघडं होतं. आत त्याचं आजचं उष्टं ताट उभं होतं. दिवा विझलेला होता.

"अगं बाई, परत बंद? आता काय झालं?"

घासलेलं ताट नलिनीने फळीवर उपडं ठेवलं. मोरीकडे पाठ करून ती स्वस्थ बसली.

"तार यायचीय," ती म्हणाली.